सुपरचार्जरवाली जिप्सी उन्हात ठोकून राहिली: पेट्रोल वाढवू की टायमिंग मागे घेऊ?

ऑरेंज_जिप्सी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आधी गाडीची कुंडली देतो, म्हणजे प्रश्न कमी येतील.

जिप्सी, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर). त्यावर आयसिनचा एएमआर ५०० सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा ब्लोअर), जपानी सेकंडहँड. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही. इंजेक्टर २४० सीसीचे. ईसीयू (इंजिनचा संगणक) स्पीडुइनो, पेट्रोल आणि इग्निशन दोन्हींची टेबलं त्याच्याकडे. बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, ६ पीएसआय (०.४ बार). डिसेंबरात इथल्याच एका शॉपने बसवून, ट्यून करून दिलं. शॉपचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

थंडीत गाडी अशी पळाली की विचारू नका. एप्रिल लागला आणि दुपारी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की तीन हजार आरपीएमला खडखड सुरू. डब्यात खडे हलवल्यासारखं. सकाळी सहाला तोच पाय, तोच गिअर, काहीच नाही. शॉपवाले म्हणून राहिले, "उन्हाळ्यात होतंच, एसी बंद ठेवा."

एक जण म्हणतो पेट्रोल वाढव, दुसरा म्हणतो टायमिंग मागे घे, म्हणजे ठिणगी उशिरा पाड. काय करू?

जरीपटका_जेट

पेट्रोल वाढव बे, सोपं आहे. रिच (जास्त पेट्रोलचं) मिक्स्चर थंड जळते. पूर्ण टेबल दहा टक्क्यांनी वर उचल अन् मोकळा हो.

पुणेरी_पिस्टन

टायमिंग मागे घ्या. दर पीएसआय बूस्टला एक डिग्री, हा ढोबळ नियम सर्वांना ठाऊक असतो. सहा पीएसआय, सहा डिग्री. प्रश्न संपला. (गाडी रस्त्यावर चालवत असाल तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ एकदा वाचून घ्या. आरसीत नोंद नसलेला बदल आणि विमा यांचं जमत नाही.)

ऑरेंज_जिप्सी

दादा, काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. गाडी बागेत आणि ऑफरोडच्या कार्यक्रमात फिरते, तिथवर ट्रेलरवर जाते. कायद्याची चर्चा इथंच थांबवू या, नाहीतर धागा वाहून जाईल.

निवृत्त_फोरमन

दोघांनीही औषध आधी सांगितलं, नाडी कोणीच पाहिली नाही. राजा, लॉग टाक. तिसऱ्या गिअरमध्ये जिथं ठोकते तिथले पाच आकडे हवेत: आरपीएम, मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब), अ‍ॅडव्हान्स, ओटू गेजचा आकडा (एका किलो पेट्रोलमागे किती किलो हवा) आणि हवेचं तापमान. अ‍ॅडव्हान्स म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती डिग्री आधी ठिणगी पडते. शिवाय इग्निशन टेबलचा फोटो. हवेच्या तापमानाचा सेन्सर कुठं बसवला आहे तेही सांग.

तोवर एवढं लक्षात घे. ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून कडेकडे सरकते. कडेला उरलेलं न जळलेलं मिश्रण मधल्या वेळात दाबलं जातं आणि तापतं. ज्योत पोचायच्या आत ते आपोआप भडकलं की तुला खडखड ऐकू येते. त्याला तीन गोष्टी लागतात: उष्णता, दाब आणि वेळ. सुपरचार्जर पहिल्या दोन देतो. कमी आरपीएम तिसरी देतो. टर्बो दोन हजार आरपीएमला अजून जागा होत असतो, पण पट्ट्यावर चालणारा हा रूट्स ब्लोअर, म्हणजे तुझा सुपरचार्जर, पाय दाबताक्षणी जवळपास पूर्ण बूस्ट देतो. म्हणून तुझी गाडी सहा हजारावर गप्प आहे आणि तीन हजारावर बोलून राहिली.

ऑरेंज_जिप्सी

काका, हे घ्या. दुपारी दोन, सावलीतलं तापमान ४४.

३००० आरपीएम: मॅप १३८ किलोपास्कल, अ‍ॅडव्हान्स २६ डिग्री, गेज १२.८, हवा ४७ अंश.
५५०० आरपीएम: मॅप १४०, अ‍ॅडव्हान्स ३०, गेज १२.९, हवा ४७ अंश.

डिसेंबरचा जुना लॉग सापडला. त्यात तीन हजारला गेज १२.० आहे, हवा १४ अंश, बाकी सगळं तेच. सेन्सर एअर फिल्टरच्या नळीत आहे, म्हणजे ब्लोअरच्या आधी.

निवृत्त_फोरमन

हवा ४७? ब्लोअरमधून निघालेली हवा ४७ अंशांची कशी असेल बाप्पा?

हिशेब करू. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडं वर, बाहेरचा दाब ९७ किलोपास्कल धर. १३८ भागिले ९७, म्हणजे दाब १.४२ पट. रूट्स ब्लोअरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर ४५ अंशांची हवा आत गेली की बाहेर पडताना १०५ च्या आसपास असते. डिसेंबरातल्या पहाटेची १२ अंशांची हवा तेवढ्याच बूस्टला ६५ च्या आसपास निघते. तोच ब्लोअर, तीच पुली, तोच बूस्ट, आणि इंजिनात जाणाऱ्या हवेत चाळीस अंशांचा फरक. सेन्सर मात्र आधीच्या नळीत बसून ४७ सांगत आहे.

आता टेबलचा फोटो पाहिला. इग्निशन टेबलची वरची ओळ किती किलोपास्कलची आहे? १०० ची. पेट्रोलचं टेबल १६० पर्यंत नेलं आहे, इग्निशनचं मात्र शंभरावर संपतं. त्यापुढे ईसीयूला काही सांगितलेलंच नाही, म्हणून तो शेवटची ओळ धरून बसतो. म्हणजे १३८ किलोपास्कलवर तू बिनसुपरचार्जरच्या गाडीचं २६ डिग्री अ‍ॅडव्हान्स चालवून राहिला. डिसेंबरातही गाडी काठावरच होती. थंड हवेनं सांभाळून घेतलं.

जरीपटका_जेट

अरे बाप. शॉपवाल्यानं अर्धंच टेबल भरलं का?

धरमपेठ_डायनो

काकांचं टायमिंगचं निदान पटतं. पण गेजकडेही पाहा. डिसेंबरात १२.० आणि आता १२.८. हे का सरकलं? नुसतं टायमिंग दुरुस्त करून हा आकडा तसाच ठेवला तर पुढच्या वर्षी पिस्टनच्या फोटोचा धागा येईल.

गेजबद्दल आधी एक खुलासा, कारण यावर नेहमी गोंधळ होतो. वाइडबँड सेन्सर खरं तर लॅम्डा मोजतो, म्हणजे मिळालेली हवा भागिले लागणारी हवा; एकाच्या जितकं खाली तितकं मिश्रण रिच. गेज त्याला १४.७ नं गुणून आकडा दाखवतो, कारण शुद्ध पेट्रोलला एक किलोला १४.७ किलो हवा लागते. आज पंपावर मिळतं ते ई२०, वीस टक्के इथेनॉलचं. त्याला लागते साधारण १३.५ किलो. म्हणून गेजवरचा १४.७ हा ई२० साठी प्रत्यक्षात १३.५ असतो. गेज चूक नाही, फक्त त्याला पेट्रोल बदललं हे माहीत नाही. आकडे सोडा आणि लॅम्डात बोला. १२.० म्हणजे ०.८२. १२.८ म्हणजे ०.८७. ब्लोअरवर, इंटरकूलर नसताना, फुल थ्रॉटलला मी ०.७८ ते ०.८० च्या वर जाऊ देत नाही.

ऑरेंजभाऊ, फ्युएल प्रेशर रेग्युलेटर रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर) आहे की टाकीत? आणि पंप कुठला?

ऑरेंज_जिप्सी

ताई, ब्लोअरच्या वेळी शॉपने पंपाची पूर्ण असेंब्ली बदलली. रेग्युलेटर त्यातच, टाकीच्या आत. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाईन काढून टाकली.

वाडी_ऑटोइलेक्ट्रिक

मग सापडलं. टाकीतला रेग्युलेटर बाहेरच्या हवेच्या तुलनेत ३ बार धरतो. मॅनिफोल्डमध्ये काय चालू आहे हे त्याला कळत नाही. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम, म्हणून इंजेक्टरच्या दोन टोकांत ३.६ बारचा फरक. बूस्टमध्ये मॅनिफोल्डचा दाब ०.४ बार वर, म्हणून फरक उरला २.६. इंजेक्टरचं वाहणं दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. ३ वरून २.६ म्हणजे सात टक्के पेट्रोल कमी, तेही ज्या क्षणी जास्त पाहिजे त्या क्षणी.

भाऊ, एक काम कर. रेलवर प्रेशर गेज लाव, नळी लांब घेऊन काचेवर चिकटव. एसी चालू, रेडिएटरचा पंखा चालू, हेडलाइट चालू. मग लोडवर पाय दाब अन् पाह. सोबत मल्टिमीटर पंपाच्या कनेक्टरवर लावून व्होल्टेज लिही. बॅटरीवर नाही, पंपावर.

धरमपेठ_डायनो

वाडीभाऊ, तुमचं बरोबर आहे, पण सात टक्क्यांनी डिसेंबर आणि एप्रिलमधला फरक समजत नाही. रेग्युलेटर थंडीतही टाकीतच होता. ते सात टक्के ट्यून करताना व्हीई टेबलमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या टेबलमध्ये, आधीच भरले गेले. आताची घसरण दुसऱ्या कशामुळे तरी आहे. माझा संशय तुमच्या दुसऱ्या तपासणीवर, व्होल्टेजवर.

पुणेरी_पिस्टन

इंजेक्टरच लहान असतील, ही शक्यता कोणी तपासली का? करून टाकतो. १०० अश्वशक्ती धरू. बूस्टवाल्या इंजिनला तासाला प्रति अश्वशक्ती ०.६ पाउंड पेट्रोल. एकूण ६० पाउंड, म्हणजे २७ किलो. चार इंजेक्टर, ८० टक्के ड्यूटी (म्हणजे ८० टक्के वेळ उघडे), तर प्रत्येकी १९० सीसीच्या आसपास. ई२० साठी आठ टक्के जास्त धरा, २०५. तुमच्याकडे २४० आहेत. इंजेक्टर निर्दोष.

जरीपटका_जेट

एक घरगुती उपाय सांगू का? आमच्या बाजूचे चाचा लुनाच्या टाकीत डांबरगोळ्या टाकत. म्हणे ऑक्टेन वाढते.

निवृत्त_फोरमन

गोळ्या कपाटातच राहू दे बाबू. नॅप्थलीन पेट्रोलमध्ये विरघळते हे खरं, पण त्यानं ऑक्टेन म्हणण्यासारखं काही वाढत नाही. अन् पेट्रोल उडून गेलं की मागे जे उरते ते इंजेक्टरच्या टोकाला चिकटते. चाचांच्या लुनाला इंजेक्टर नव्हता.

ऑरेंज_जिप्सी

मोजलं. बागेत ट्रॉलीत मुरूम भरून जिप्सीला जोडली. आपल्याकडे घाट नाही, लोड असाच मिळते.

सगळं बंद असताना, नुसतं इंजिन: पंपावर १३.२ व्होल्ट, रेलवर ३.० बार. एसी, पंखा, लाइट चालू करून फुल पाय: पंपावर ११.४, रेलवर २.७.

वाडी_ऑटोइलेक्ट्रिक

पाहा ताई. २.७ वजा ०.४ म्हणजे इंजेक्टरवर २.३ बारचाच फरक. २.६ ऐवजी २.३ म्हणजे आणखी सहा टक्के गेले. ०.८२ भागिले ०.९४, येते ०.८७. तुमच्या गेजवर तेच दिसून राहिलं.

वायर जुनी, तीच जी कंपनीतून आली. नवा पंप जास्त अँपिअर खातो. उन्हाळ्यात एसी अन् पंखा आला की व्होल्टेज पडते. थंडीत एसी नव्हता म्हणून कळलं नाही. बॅटरीपासून थेट फ्यूज टाकून जाड वायर, पंपाजवळ रिले, अन् जमिनीची वायरही नवीन. अर्थ लोक विसरतात. जुनी वायर फक्त रिले ओढायला ठेवायची.

धरमपेठ_डायनो

हिशेब जुळला. वायर झाल्यावर रेलवर मॅनिफोल्डच्या नळीवाला रेग्युलेटर आणि रिटर्न लाईन परत घ्या. दर ०.१ बार बूस्टला ०.१ बार रेल प्रेशर वाढवणारा, एकास एक. जुन्या किटमध्ये एका पीएसआय बूस्टला आठ-दहा पीएसआय पेट्रोल चढवणारे एफएमयू मिळत, ते घेऊ नका. ते मूळ ईसीयूला हात लावता येत नव्हता तेव्हाचे जुगाड होते. तुमच्याकडे पूर्ण टेबल हातात आहे. आणि हो, नळी प्लेनममधून (मॅनिफोल्डच्या हवेच्या पेटीतून) घ्या, थ्रॉटलच्या आधीच्या भागातून नाही.

एकास एक रेग्युलेटर आल्यावर बूस्टच्या भागातलं व्हीई टेबल खाली आणावं लागेल, नाहीतर गाडी एकदम रिच होईल. चालवून बघण्याआधी बूस्टच्या ओळी सात टक्क्यांनी कमी करून घ्या, बाकी लॉग पाहून.

निवृत्त_फोरमन

आता तापमानाचा सेन्सर. इथं एक गंमत आहे. सेन्सर चुकीच्या जागी असूनही पेट्रोलचा हिशेब फार बिघडला नव्हता. १४ वरून ४७, केल्व्हिनमध्ये २८७ वरून ३२०, ईसीयूनं दहा टक्के पेट्रोल कापलं. खरी हवा ६५ वरून १०५, म्हणजे ३३८ वरून ३७८, तीही साडेदहा टक्केच विरळ झाली. प्रमाण जवळपास तेच. म्हणून शॉपवाल्याला ट्यून करताना काही खटकलं नसेल. टायमिंगचं मात्र तसं नाही. टायमिंगची तापमान-दुरुस्ती ६० च्या पुढे ठेवलेली दिसते, आणि सेन्सरनं ६० कधी पाहिलेच नाहीत. ती दुरुस्ती कागदावर होती, गाडीत नव्हती.

सेन्सर ब्लोअरच्या पुढे, मॅनिफोल्डमध्ये हलव. उघड्या जाळीचा, लवकर उत्तर देणारा घे. पण याचाही एक दोष आहे. उन्हाळ्यात इंजिन चालू ठेवून थांबलास की मॅनिफोल्डचं धातूच तापतं आणि सेन्सर ८०-९० दाखवतो, आतली हवा तेवढी तापलेली नसली तरी. तेव्हा पेट्रोल उगाच कापलं जातं आणि सुटताना गाडी अडखळते. म्हणून कमी लोडला पेट्रोलची तापमान-दुरुस्ती सौम्य ठेवायची. टायमिंगची दुरुस्ती मात्र पूर्ण ठेवायची. उभ्या गाडीत चार डिग्री कमी पडले तर काही जळत नाही.

आता टायमिंग. टेबल लिहिण्याआधी टायमिंग लाइट लाव. ईसीयू १० डिग्री म्हणतो तेव्हा पुलीवर १० दिसते का, ते आयडलला आणि तीन हजारलाही बघ. दोन्हीकडे सारखं नसेल तर सेन्सरची वायर किंवा कॉइलच्या सेटिंगमध्ये गडबड आहे आणि पुढचे सगळे आकडे फुकट.

मग इग्निशन टेबलला १००, १२०, १४० आणि १६० च्या ओळी दे. १४० च्या ओळीत, ७० अंशांची हवा धरून, मी असं सुरू करीन: २००० ला १०, ३००० ला १४, ४५०० ला १८, ६००० ला २१. ७० च्या पुढे दर दहा अंशांना दीड डिग्री कमी. म्हणजे १०५ वर आणखी पाचेक डिग्री जातील. हे सुरुवातीचे आकडे आहेत, वेद नाहीत.

पुणेरी_पिस्टन

फोरमनसाहेब, ३००० ला २६ वरून थेट ९? ताकद राहील का? शिवाय एवढं मागे घेतलं तर एक्झॉस्ट लालभडक होईल. माझे सहा डिग्री सौम्य होते.

निवृत्त_फोरमन

तुमचे सहा डिग्री कुठून मोजायचे, हाच प्रश्न आहे. २६ मधून सहा काढले तर २० उरतात. १०५ अंशांच्या हवेवर, तीन हजारला, ते अजूनही ठोकेल. पीएसआयला एक डिग्री हा नियम इंटरकूलर असलेल्या, बऱ्यापैकी थंड हवेच्या गाडीवरून आला असावा. त्यात तापमानाचा उल्लेखच नाही, आणि आपला सगळा खेळ तापमानाचा.

ताकदीचं म्हणाल तर दाट मिश्रण लवकर जळते. सिलिंडरमधला सर्वाधिक दाब टीडीसीनंतर (पिस्टन सर्वात वर पोचल्यानंतर) पंधरा डिग्रीच्या आसपास आला पाहिजे. बूस्टमध्ये तो तिथं आणायला मुळातच कमी अ‍ॅडव्हान्स लागते. म्हणून पहिले सात-आठ डिग्री मागे घेण्यात फारसं काही जात नाही. त्यापुढचे जातात, आणि एक्झॉस्ट तापतं, तुमचं बरोबर. म्हणूनच मी म्हणतो की टायमिंग हे तात्पुरतं. मूळ रोग गरम हवा आहे.

जरीपटका_जेट

मग माझं पेट्रोल वाढवणं काय चूक होतं काका? ताई पण ०.८० म्हणून राहिली ना.

धरमपेठ_डायनो

०.८७ वरून ०.८० वर आणणं ही दुरुस्ती आहे, त्याचा फायदा होईलच. तुम्ही म्हणत होता दहा टक्के आंधळेपणानं वाढवा. ते वाढवलं असतं, तर उन्हात बरं वाटलं असतं आणि थंडीत एसी बंद असताना तीच गाडी ०.७४ वर गेली असती. त्याखाली पेट्रोल आणखी थंडावा देत नाही. मिसफायर होतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं, ऑइलला पेट्रोलचा वास येतो. ०.८७ ची आणि ०.८० ची गाडी वेगळी असते, पण ०.७८ ची आणि ०.७२ ची जवळपास तीच असते, फक्त धूर जास्त.

ई२० च्या बाजूनं एक सांगते, कारण त्याला सगळे शिव्या देतात. आपल्या कामात ते उपयोगी आहे. इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं, आणि ऑक्टेनही ९५ च्या जवळ येतं. साध्या पेट्रोलचं ९१ होतं. तुमची जिप्सी जुन्या साध्या पेट्रोलवर असती तर डिसेंबरातच ठोकली असती.

कामठी_रोड

धागा फॉलो करून राहिलो. एक प्रश्न: इंडियनऑइलचं एक्सपी१०० टाकलं तर यातलं काही करायची गरज उरते का?

धरमपेठ_डायनो

उरते. डिसेंबर २०२० मध्ये आलेलं ते १०० ऑक्टेन पेट्रोल इथेनॉलविरहित आहे. ई२० वर बेतलेल्या टेबलमध्ये ते टाकलं की गाडी आठ टक्के रिच होते, ०.८० चं ०.७४. ज्याला दोन्ही आलटून-पालटून टाकायचं असेल त्यानं फ्लेक्स फ्युएल सेन्सर बसवावा. तो पेट्रोलमधलं इथेनॉल मोजून फ्रिक्वेन्सी देतो: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे शंभर. ई२० वर ७० दिसायला हवं. स्पीडुइनोला तो वाचता येतो. पंपावरच्या पाटीवर विश्वास ठेवण्यापेक्षा बरं.

निवृत्त_फोरमन

ठोकण्याचा आवाज ऐकायची सोय कर. नॉक सेन्सर नंतर लाव. तुझा बोअर ७४ मिलिमीटर, म्हणजे ठोकण्याची फ्रिक्वेन्सी ७.७ किलोहर्ट्झच्या आसपास येते, तेवढी नोंद करून ठेव. आज मात्र तांब्याची हातभर नळी घे. एक टोक ठोकून चपटं कर, भोक पाडून ब्लॉकवरच्या एखाद्या मोकळ्या बोल्टखाली आवळ. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती आत आणून कारखान्यात आवाज अडवायला वापरतात त्या कानटोपाच्या एका कपात घुसव. सोबत एक जण गाडी चालवायला. तू फक्त ऐक. कानाला ठोकणं बॉनेटबाहेर ऐकू येण्याच्या कितीतरी आधी समजते. व्हॉल्व्हच्या टिकटिकीत अन् त्यात फरक कळायला अर्धा तास पुरतो.

प्लगही काढून पाह. पोर्सेलीनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले तर लगेच कळव. गॅप ०.८ च्या आत आण, बूस्टमध्ये ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते. आणि एक नंबर थंड प्लग. एनजीकेमध्ये सहाचा असेल तर सातचा.

ऑरेंज_जिप्सी

काम झालं, लॉग जोडतो.

पंपाला बॅटरीवरून जाड वायर, रिले, नवीन अर्थ. फुल लोडवर, एसीसकट १३.० व्होल्ट. रेलवर नळीवाला रेग्युलेटर, रिटर्न लाईन परत टाकली. बूस्टमध्ये रेल ३.४ बारपर्यंत जाते. ताईंनी सांगितलं तसं व्हीई कमी केलं, लॉग पाहून आणखी थोडं. गेजला आता लॅम्डावर सेट केलं. सगळीकडे ०.७९ ते ०.८१.

सेन्सर मॅनिफोल्डमध्ये गेला आणि पहिल्याच फेरीत १०२ अंश दाखवले. काकांचा कागदावरचा हिशेब एवढा जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

टायमिंग लाइट लावला, दोन्ही आरपीएमला आकडा जुळला. प्लग एकदम स्वच्छ नव्हते. दुसऱ्या सिलिंडरच्या पोर्सेलीनवर काळे ठिपके, चमकणारं काही नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं, म्हणून हेड उघडलं नाही. काकांच्या आकड्यांवर तांब्याच्या नळीत शांतता. ३००० ला दोन डिग्री वाढवले तर तीन वाजता पुन्हा बारीक कडकड, म्हणून परत खाली आणले. ४५०० च्या पुढे मात्र तीन डिग्री वाढवूनही काही ऐकू येत नाही, तिथे ठेवले.

आता प्रामाणिक तक्रार: दुपारी गाडीत तो डिसेंबरचा दम नाही.

पुणेरी_पिस्टन

नसणारच. बूस्ट कमी करा. ब्लोअरची पुली मोठी बसवा, ४ पीएसआयवर आणा. हवा १०५ ऐवजी ८७ च्या आसपास निघेल, टायमिंगचे तीनेक डिग्री परत मिळतील, आणि ब्लोअर फिरवायला इंजिनची ताकदही कमी जाईल. लेथवर एका दिवसाचं काम.

निवृत्त_फोरमन

उन्हाळ्यापुरतं पुणेकरांशी सहमत. (तारीख लिहून ठेवा.) पण ऑफ सीझनमध्ये पाण्याचा इंटरकूलर बसव. साठ टक्के परिणामकारक असला आणि पाणी ५० अंशांचं असलं तरी १०५ ची हवा ७२ वर येते. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात तुला तुझा डिसेंबर मिळतो.

वाडी_ऑटोइलेक्ट्रिक

वॉटर इंजेक्शन काहून नाही? कूलरचा पंप, एक नोझल, हजार-दोन हजारात काम.

निवृत्त_फोरमन

कूलरच्या पंपाला बूस्टविरुद्ध धुकं उडवता येत नाही, त्याला पाच-सात बारचा पंप लागतो. अन् पाणी संपलं की? टेबल पाण्याच्या भरवशावर लिहिलं असेल तर टाकी रिकामी झाल्याच्या पहिल्या ओढीत पिस्टन जाईल. लावायचंच तर पाणी नसतानाही गाडी ठोकणार नाही असं टेबल ठेवायचं. मग पाण्याचा फायदा फक्त मनाला.

धरमपेठ_डायनो

तिथं मी काकांशी सहमत नाही. टाकीत लेव्हल स्विच आणि नोझलच्या लाईनमध्ये प्रेशर स्विच लावून ईसीयूकडे द्या. पाणी नाही तर दुसरं, सौम्य टेबल आपोआप लागू होतं. स्पीडुइनोमध्ये दुसरं इग्निशन टेबल स्विचवर घेता येतं. जिप्सीच्या बॉनेटखाली इंटरकूलरची टाकी, पंप आणि पुढचा रेडिएटर बसवायला जागा किती आहे ते एकदा उघडून पाहा, मग इंटरकूलरचं बोला.

ऑरेंज_जिप्सी

जागा नाही हे खरं आहे ताई. बॅटरी मागे न्यावी लागेल.

सध्या पुली मोठी करतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत एक लेथवाले आहेत, त्यांना जुनी पुली मापाला दिली. पट्टा थोडा लांब लागेल. मॅप १२५ च्या आसपास येईल असं वाटते, तेव्हा १२० च्या ओळीलाही काकांनी आकडे द्यावेत.

निवृत्त_फोरमन

१२० ला: २००० ला १४, ३००० ला १८, ४५०० ला २२, ६००० ला २५. तापमानाची दुरुस्ती तीच. आणि पुली बदलली म्हणून लॉग काढायचं सोडू नको. पट्टा घसरला तर बूस्ट कमी-जास्त होते आणि ऐकू काहीच येत नाही.

जरीपटका_जेट

ओम्नीला कार्बोरेटर ठेवून असं काही करता येईल का?

वाडी_ऑटोइलेक्ट्रिक

येईल, पण टायमिंग डेल्कोनं (डिस्ट्रिब्युटरनं) अन् पेट्रोल कार्बोरेटरच्या जेटनं सांभाळावं लागते. त्याचा वेगळा धागा काढ भाऊ, इथं नको.